सोनगीरची जोडी

माझ्यासारख्या ‘जोड्या लावा’ अख्ख्या जिल्ह्यात कुणी काढत नाही, असं मीच सांगत फिरायचो. कोण ऐकायचं म्हणा. पण शहाऐंशी साली धुळ्याच्या एका संस्थेनं मुलींच्या वसतिगृहाच्या प्रवेश परीक्षेचा पेपर मला काढायला दिला, आणि मी पार हवेतच गेलो.

तिथली रीत साधी होती. शिक्षकानं जोड्या सरळ, समोरासमोर लिहून द्यायच्या. कारकून गिरधरनं स्टेन्सिल कापताना ‘ब’ गट खालीवर करायचा आणि त्यावरून उत्तरांची यादीही त्यानंच करायची. मला ते पटेना. कारकुनाला काय कळतं त्यातलं? मी घरीच ‘ब’ गट खालीवर केला, यादीही केली आणि पाकिटात बंद करून स्वतःजवळ ठेवली. गिरधरला एका शब्दानं बोललो नाही.

यावलजवळच्या आमच्या खेड्यातून खातून परीक्षेला बसली. तिचा बाप नूर महंमद गाद्या भरायचा. गावात शाळा सातवीपर्यंतच. “नंबर लागला तर शिकवतो, मास्तर. नाही तर बसेल माझ्याजवळ कापूस पिंजायला,” तो म्हणाला होता. साठ मार्क लागायचे. पेपर माझाच, पण पोरीला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तेवढा इमानदार होतो मी.

तपासायलाही मलाच बोलावलं. नव्वद पेपर, नावं नाहीत, नुसते क्रमांक. यादी समोर धरली आणि फुल्या मारत सुटलो. जोड्यांना दहा मार्क, त्यात बहुतेकींना भोपळा. वाचायला नको कार्ट्यांना, म्हणालो, आणि चहा मागवला.

खातूनला चोपन्न पडले.

मला चैन पडेना. धुळ्याला गेलो, तर गिरधरनं छापलेला पेपर समोर ठेवला. “नेहमीसारखं बठ्ठं खालीवर करेल शे, गुरुजी.” मी खालीवर केलेलं त्यानं पुन्हा खालीवर केलं होतं. माझी यादी त्या पेपरची नव्हतीच.

सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं. उरलेल्या जागा दुसरीकडच्या मुलींना देऊन झाल्या होत्या, तपासलेले पेपर रद्दीत गेले होते. “आता तोंड उघडलंत तर नव्वद घरं तुमच्या दारात येतील,” ते म्हणाले. “नोकरी आहे तुम्हाला, विचार करा.” मी विचार केला. सांगायला लाज वाटते, पण बाहेर पडल्यावर सुटल्यासारखंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी खातून तिची प्रश्नपत्रिका घेऊन घरी आली; आपली उत्तरं तिनं त्यावरही लिहून ठेवली होती. केसांत कापूस अडकलेला.

“गुरुजी, माझ्या जोड्या बरोबर वाटत होत्या. काय चुकलं?”

तिनं बोट ठेवून वाचून दाखवलं. भुसावळ, रेल्वे जंक्शन. फैजपूर, काँग्रेसचं अधिवेशन. एदलाबाद, मुक्ताबाईंचं देऊळ. पाल, थंड हवेचं ठिकाण. सोनगीर, किल्ला. पाचच्या पाच बरोबर होत्या. खरं सांगून टाकावं असं फार वाटलं.

“पाल आणि सोनगीर उलटसुलट केलंस तू,” मी म्हणालो.

“म्हणजे सोनगीरला थंड हवा असते?”

“हो.”

ही दोन्ही गावं तिनं कधी पाहिली नव्हती. तिनं माझ्याकडूनच पेन्सिल मागून घेतली, दोन्ही उत्तरं खोडली आणि मी सांगितलेली लिहिली.

“अब्बा तुमच्यावर चिडले होते, गुरुजी,” ती म्हणाली. “सांगते त्यांना, चूक माझीच होती.”