हयातीचा दाखला मागणारा फोन

मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, शिसवी मूठ आणि काचेच्या काठावर एक बारीक ओरखडा, एवढीच माझी ओळख.

मित्रांनो, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधील एका लहान कारखान्यात माझी काच घासली गेली. अंबरनाथच्या भगवानरावांनी मला तेथूनच घेतले. ते एका यंत्रशाळेत तपासनीस होते. सुट्या भागांवरील केसासारखी चीर ते माझ्यातून शोधीत. भगवानच्या हातून खोट निसटत नाही, असे साहेब म्हणत, तेव्हा मलाही धन्यता वाटे.

निवृत्तीनंतर पावसाळ्यातील वर्षावासाच्या तीन महिन्यांत ते विहारात माझ्या आधाराने धम्मग्रंथ वाचून दाखवीत. लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की, विहाराच्या नव्या छपरासाठी जमलेले दानही त्यांच्याच खात्यात ठेवलेले होते.

दर नोव्हेंबरात ते स्वतः बँकेत जाऊन पेन्शनसाठी हयातीचा दाखला देत. यंदा गुडघ्यांनी साथ दिली नाही. अशातच एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक मृदू आवाज फोनवर म्हणाला, "बाबा, तुमचा दाखला जमा नाही. आज पेन्शन बंद होईल. घरबसल्या करून देतो."

त्याने कार्डाचे आकडे मागितले. भगवानरावांनी मला कार्डावर धरले. मागचे तीन बारीक आकडे मी नेहमीच्या निष्ठेने मोठे करून दाखवले. आवाजातील खोट दाखवण्याची विद्या मजपाशी नव्हती. मग मोबाईलवर आलेला ओटीपीही त्यांनी वाचून सांगितला. पाहता पाहता खाते रिकामे झाले.

त्यांनी मला खणात ठेवले. त्या अंधारात मला त्यांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. दोन वाजता सून संध्या बदलापूरच्या शाळेतून परतली, तेव्हा ताट झाकलेलेच होते. तिने पुन्हा पुन्हा विचारल्यावर ते कसेबसे बोलले.

"विहाराचे पैसे गेले गं. आता लोकांना काय तोंड दाखवू?"

"तोंड नंतर दाखवा, बाबा. किती वाजता गेले ते आधी सांगा."

"अकराला. तुला सांगणारच नव्हतो."

"ते दिसतंच आहे. आणा तो मोबाईल."

तिने त्यांना शेजारी बसवून सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा १९३० हा क्रमांक लावला. संदेशातील व्यवहाराचा लांबलचक क्रमांक वाचण्यासाठी मला बाहेर काढले गेले. माझी मूठ घामाने ओली झाली होती. तक्रार नोंदवली गेली. बँकेला कळवून कार्ड बंद केले. मग दोघे पोलीस ठाण्यात गेले. पुढचे अर्ज कसे करावेत, हे ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावरील ताईंनी दुसऱ्या दिवशी शांतपणे समजावले.

काही दिवसांनी कळले की, थोडी रक्कम वाटेतच थोपवली गेली आहे. उरलेली त्या तीन तासांत पुढे निघून गेली होती. थोपवलेली रक्कम तरी हाती कधी येईल, हे अजून कोणी निश्चित सांगत नाही.

रविवारी भगवानराव विहारात उभे राहिले आणि काहीही न लपवता सारे बोलले. मी त्यांच्या खिशात होते. मग सर्वांत वयोवृद्ध चंदरकाका भिंतीला धरून उठले.

"माझेपण गेलेत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. पोरं हसतील म्हणून गप्प राहिलो."

मित्रांनो, आपले आजी-आजोबा एकाएकी अबोल झाले, ताट तसेच राहिले, तर त्यांच्याजवळ बसा. "का फसलात?" असे विचारू नका. किती वाजता घडले, एवढेच विचारा आणि त्यांच्यासमोरच तो १९३० क्रमांक लावा.

चंदरकाकांना दोन वर्षांत कोणीही तसे विचारले नव्हते.