उचलून नेण्याची सोय

मौलाली पैलवानानं आयुष्यात पुष्कळ माणसं उचलली. तरुणपणी कोल्हापूरच्या तालमीत उचलून आपटली, आणि पुढं गडावरच्या जुन्या कोठीत पहारेकरी म्हणून लागल्यावर उचलून वर नेली. कोठीला एकोणीस पायऱ्या, एकेक गुडघाभर उंच. पायानं अधू असलेला कुणी पायथ्याशी थबकला की मौलाली मिशीवर हात फिरवत पुढं व्हायचा. "मी हाय की!" म्हणायचा, की पाहुणा वर! खालची माणसं टाळ्या वाजवायची आणि मौलालीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मागच्या वर्षी एक इंजिनिअर टेप घेऊन आला. चाकाच्या खुर्च्या थेट आत जाव्यात म्हणून कोठीच्या बाजूनं रॅम्प बसवायचा बेत होता. मौलालीला हसू आलं. "सायेब, एवढ्या देखण्या दगडाला लोखंडाचं ठिगळ कशाला? माझ्या हातनं एक माणूस माघारी गेलेलं न्हाय." आणि बोलून थांबतो तर तो पैलवान कसला! आकाराम शिपाई म्हणजे नव्वद किलोचा ऐवज. त्याला खांद्यावर टाकून एकोणीसच्या एकोणीस पायऱ्या चढून दाखवल्या. इंजिनिअर खूश. त्यानं कागदावर लिहिलं, 'कर्मचाऱ्यांमार्फत उचलून नेण्याची सोय उपलब्ध.' खाली मौलालीनं झोकात सही ठोकली. रॅम्प दुसऱ्या कुठल्यातरी गावाला गेला.

यंदा जानेवारीत कचेरीतला फोन वाजला. कारकून जेवायला गेलेला, म्हणून मौलालीनंच उचलला.

"मी गडहिंग्लजहून सुष्मिता बोलतेय. कोठीच्या आत जुना कन्नड शिलालेख आहे ना, तो मला अभ्यासासाठी वाचायचाय. मी व्हीलचेअरवर असते. खुर्ची आत जाईल?"

"जाईल की! बिनघोर ये पोरी."

आपण खोटं बोलतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. माणूस आत गेलं म्हणजे झालं, खुर्चीचं काय एवढं?

रविवारी ती वडिलांबरोबर आली. वडील चन्नाप्पा, गडहिंग्लजचे कापड दुकानदार, मवाळ माणूस. मांडीवर वही आणि भिंग घेऊन आलेली त्या पोरीनं पायऱ्या बघूनच खुर्ची थांबवली.

"मामा, रॅम्प कुठाय?"

"रॅम्प काय करायचाय? मी हाय की!"

"नको. मला कुणी उचललेलं चालत नाही. म्हणून तर फोन करून विचारलं होतं."

हे 'नको' त्याला ऐकू आलं नाही असं नाही. पण आपल्याकडं पाहुण्याच्या नकोला विचारतो कोण? ताटावर आडवा हात धरला तर बोटांच्या फटीतून तांबडा रस्सा ओतणारी माणसं आपण! "लाजतीस व्हय? लेकीसारखी हाईस," म्हणत त्यानं तिला उचललीच. "अवो पावणं, थांबा, थांबा," असं चन्नाप्पा म्हणेपर्यंत तो पाचव्या पायरीवर. तिची एक चप्पल घरंगळत खाली गेली. वही पडली. सहलीच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, मोबाईल वर केले आणि मागोमाग आतही आले. "खाली ठेवा," असं ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

शिलालेखासमोरच्या ओट्यावर त्यानं तिला बसवलं. "बघ आता पोटभर!" ती मान खाली घालून बसली. मग वडिलांना कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. चन्नाप्पानं तिला उचललं आणि तोल सावरत, धापा टाकत एकेक पायरी उतरवलं. मौलालीला जरा राग आला. एवढं केलं, एक शब्द न्हाय.

'दिलदार पैलवान' म्हणून तो व्हिडिओ गावोगाव फिरला. कचेरीनं शाल-श्रीफळ दिलं. त्याची लेक शबनूर हिनं त्याला घरी व्हिडिओ लावून दिला. पहिल्यांदा त्यानं स्वतःचे दंड बघितले. दुसऱ्यांदा पोरीकडं लक्ष गेलं. वर सरकलेला कुर्ता एका हातानं गच्च ओढून धरलेला, आणि ओठ हलत होते, नको, नको.

"अब्बा, ती नको म्हणत्या की वो," शबनूर म्हणाली.

मौलालीला शरम वाटली, उघडी शरम. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

सकाळी तो कारकुनाकडं गेला. "त्या रॅम्पचं परत बघा की."

कारकुनानं फाईल उघडून पुढं सरकवली. "सही तुमचीच हाय पैलवान. आणि आता तुमचा व्हिडिओबी वर पाठवलाय, सोय चांगली चाललीया म्हणून."

मौलालीनं कचेरीतल्या पाहुण्यांच्या नोंदवहीतून सुष्मिताचा नंबर शोधला आणि फोन लावला.

"पोरी, कोठीवरला मौलाली बोलतोय. चुकलं माझं. तू नको म्हणत होतीस."

"हो," ती म्हणाली.

"निदान शिलालेख तरी वाचून झाला का?"

"नाही मामा. सगळे मोबाईल धरून उभे होते. मी खाली येईपर्यंत डोळेच उघडले नाहीत."

मौलाली घाईनं म्हणाला, "परत ये एकदा. ह्या खेपंला हात लावणार न्हाय, अल्लाची शपथ."

अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "मग वर कशी येऊ, मामा?"

मौलालीनं दारातून त्या एकोणीस पायऱ्यांकडं बघितलं. तोवर पलीकडून तिनं फोन ठेवला.