गेरूखालची नागीण

दोनदा रिकाम्या हातानं दवाखान्यातून परतल्यावर माझ्या नणंदेच्या, उर्वशीताईच्या पदरात पोर पडली. ताई बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि नेमकी तेव्हाच माझ्या सासूबाईंच्या, मथुराबाईंच्या कमरेला नागीण उठली. आमचं नशीबच मेलं भरल्या ताटात माती कालवणारं.

घाटंजीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फोडांतलं पाणी आटून खपल्या धरेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. त्या पाण्यानं तिला कांजिण्या होतील. उर्वशीला कधी झालेल्या नाहीत, म्हणून आईकडूनही बाळाला संरक्षण नाही. खपल्या धरल्या की मग भीती नाही."

सासूबाईंनी शेवटचं वाक्य तेवढं गाठीला बांधलं.

आमचं घर बौद्ध. मंत्रतंत्राला उंबऱ्यातच हाकलतो. पण नागिणीची दोन तोंडं कमरेभोवती जुळली की माणूस जातो, ही भीती काही धर्म बदलून गेली नाही. सासूबाईंनी गेरू लावणाऱ्या धावजीला बोलावलंच. "मंतर म्हनू नको बाप्पा, नुसता गेरू लाव," म्हणाल्या.

लेप वाळला, तडकला, त्याचे तांबडे पोपडे धरले. एका सकाळी मी न्हाणीत डोकावले, तर सासूबाई पाय पसरून बसलेल्या आणि पायांवर तेल लावलेली पोर.

"आत्याबाई! काय करून राह्यल्या?" मी सासूबाईंवर ओरडले.

"वाळली व शीला. पाह्य, खपल्या धरल्या. नातीले न्हाऊ घालाले किती दिस वाट पाहू मी?"

चेहरा असा फुललेला, की मलाही क्षणभर खरं वाटलं. अंघोळ आटोपून त्यांनी पोरीला उचलून कमरेशी धरलं. ओला गेरू ओघळला. खाली फोड तसेच होते, काही फुटून वाहत होते. पोरीचा गाल लाल झाला. मी तिला हिसकावून घेतलं, धुतलं, पुसलं. काय उपयोग?

पंधरवड्यात तिच्या अंगावर फोड आले. मग ताप, मग धाप. यवतमाळच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिथंच तिची धाप थांबली. नावसुद्धा ठेवायचं राहिलं होतं. ताईनं तिला घरी आणलं ते ओढणीत गुंडाळून.

सासूबाई दारातच बसल्या होत्या. त्यांनी लुगडं सारून कंबर उघडी केली. तोवर ती खरंच कोरडी झाली होती.

"आता तं खपल्याबी गळल्या व उर्वशी," त्या म्हणाल्या. "आता दे न माह्याजवळ."

ताईनं पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.