दोन घड्याळांची नणंद

नणंदेचा पाय मोडला तेव्हा शिखरावर धुकं इतकं दाट होतं, की पडणं दिसलंच नाही, नुसतं ऐकू आलं. आधी दगड निसटला, मग बॅग गडगडत दरीत गेली, आणि शेवटी बारीकसं "आई गं" आलं, सुई बोटात घुसल्यावर येतं तेवढंच.

भावजय बसत, घसरत खाली उतरली. माणूसभर खोल खाचेत नणंद आडवी पडली होती. गुडघ्याखालचा पाय भलतीकडेच वळला होता. भावजयीचे हात शिवणकाम करणाऱ्या बाईचे, ते थांबले नाहीत. चालायच्या दोन काठ्या पायाच्या दोन अंगांना लावल्या, मफलर फाडून पट्ट्या काढल्या आणि गाठीवर गाठ मारत गेली.

"ओरडा की वन्सं, इथं कोण ऐकायला बसलंय?"

"तुझी शिवण उसवेल," नणंद दात आवळून म्हणाली.

ही नणंद कानाची यंत्रं दुरुस्त करायची. आठवडाभर दुसऱ्यांना ऐकू यावं म्हणून झटायची आणि रविवारी स्वतःच्या कानांचे लाड करायची. पाठीवर बोलायचा-ऐकायचा रेडिओ, तारेचं भेंडोळं, गळ टाकायची लांब काठी घेऊन एखादा डोंगरमाथा गाठायचा. काठीला तार ताणायची आणि दूरच्या अनोळखी माणसांना हाका घालायच्या. चार जणांनी ओ दिली की शिखर पदरात पडलं. पूर्वी सोबत भाऊ असायचा. त्याचे गुडघे गेले आणि ही कामगिरी भावजयीच्या गळ्यात पडली: काठी धरायची, डबा उघडायचा आणि जमतील तेवढे टोमणे मारायचे.

टोमण्यांना सगळ्यात आवडती जागा म्हणजे नणंदेची मनगटं. साऱ्या जगातल्या रेडिओवाल्यांची मिळून एकच वेळ असते. यांचं घर परदेशात, तिथल्या वेळेच्या ती दोन तास मागे. म्हणून ही बाई एका हाताला घरचं घड्याळ बांधायची, दुसऱ्याला रेडिओचं. भावजयीनं त्यावर ओवीच रचली होती:

दोन हाती दोन घड्याळं, माझ्या नणंदेचा थाट गं,
एक म्हणे उशीर झाला, दुजं म्हणे पाहा वाट गं.

कुठल्या हाताला कुठलं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ओवीला त्याची गरज पडली नव्हती.

नणंदेचा फोन बॅगेबरोबर दरीत गेला होता. मोठी बॅटरीही गेली होती. भावजयीचा फोन घरी होता, "वर कुठं रेंज असते!" म्हणून ठेवलेला. उरला होता रेडिओ आणि त्यातली लहान बॅटरी. तिनं तारेसकट रेडिओ ओढून खाचेत नणंदेच्या हाताशी आणला. नणंदेनं चकती फिरवून घरच्या रेडिओची जागा लावून दिली आणि माइक तोंडाशी धरून चारदा हाक मारली. आतून नुसती खरखर आली.

"आत्ता कुणी नाही," ती म्हणाली. "बंद कर, बॅटरी संपेल. दादा तीनला बसतो. तीनला लाव. बटण दाबून बोलायचं, आणि..." तिचे डोळे मिटले.

"वन्सं? आणि काय? वन्सं!"

श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. भावजयीनं तिचे हात चाचपले. एका मनगटावर नुसता पट्टा आणि काचेचा चुरा. दुसरं घड्याळ चालू होतं. ते तिनं सोडवून घेतलं. एकला दहा कमी.

म्हणजे दोन तास काढायचे. पोट म्हणत होतं तीन वाजत आले, घड्याळ म्हणत होतं एक. तिनं घड्याळाचं ऐकलं.

ते दोन तास तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. अंगातला कोट नणंदेवर घातला, डब्याची पिशवी तिच्या मानेखाली दिली, स्वतः वाऱ्याच्या तोंडाला बसली. गालावर चापट्या मारल्या, विनवलं, भांडून पाहिलं. "माझ्या लग्नात माझ्या साडीला 'पडदा' म्हणालात, विसरले नाही मी. उठा, भांडायचंय." एकदा नणंद पुटपुटली, "पडदाच होता." भावजय हसता हसता रडली. त्यानंतर मात्र उत्तर आलं नाही. हात गार होत गेले, ओठ शाईसारखे झाले.

काटा तीनवर आला. तिनं रेडिओ लावला, माइक दोन्ही मुठींत गच्च धरला आणि बटण दाबलं.

"अहो! अहो, ऐकताय का? वन्सं पडल्या. शिखराच्या मागच्या अंगाला खाचेत आहोत. पाय मोडलाय. गार पडत चालल्यात हो!"

तिनं कान दिला. खरखरसुद्धा नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा कान दिला. काही नाही. मुठी थंडीनं लाकडासारख्या झाल्या होत्या.

आणि तेव्हा तिला दिसलं की धुकं काळवंडतंय. दुपारी तीनला? शेजारी नणंदेची नोंदवही पडली होती. आजची पहिली ओळ: दहा चाळीस. दहा चाळीस कसे? सातला पायथा सोडला, साडेपाच तास चढ चढलो, मग...

तिनं घड्याळ पुन्हा पाहिलं. चालू राहिलं ते रेडिओचं घड्याळ होतं. घरी पाच वाजले होते. पहिल्यांदा एकला दहा कमी पाहिले, तेव्हा घरी तीनला दहाच मिनिटं होती. तेवढीच वाट पाहायची होती. नवरा शाळेतला शिपाई, घंटा देणारा माणूस, तीन म्हणजे तीन. बसला असेल, हाक मारली असेल, वाट पाहिली असेल, आणि उतरायला लागल्या असतील म्हणून उठून गेला असेल. आणि ती इथं हातावर हात ठेवून बॅटरी जपत होती.

"मी मारलं हो तुमच्या बहिणीला," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. मुठी आपोआप उघडल्या. माइक दगडावर पडला.

"...बटण सोड! अगं ऐक, बटण सोडल्याशिवाय माझं ऐकू यायचं नाही तुला! सोड गं, सोड!"

तिनं माइककडे पाहिलं, मग आपल्या तळहातांकडे. बटणाचा चौकोनी वण अंगठ्यात रुतला होता.

"अहो!" तिनं दाबलं. आणि या वेळी सोडलं.

"आहे! दोन तास झाले, इथंच बसलोय. हाक आली नाही म्हणून तासाभरातच वनरक्षकाला कळवलं. माणसं निघालीत, मागच्या रस्त्यानं. खाचेत आहात तेही आत्ताच कळवलं. तिला झोपू देऊ नकोस. सातपर्यंत वर पोचतील."

सात. रेडिओवर बसला की हा माणूस सगळ्या वेळा रेडिओच्याच सांगायचा. बहिणीनंच लावलेली सवय. घरचे सात म्हणजे अजून दोन तास. रेडिओचे सात म्हणजे चार. तिनं नणंदेच्या मानेला हात लावला. दोन तास ही नाडी कदाचित तग धरेल. चार...

"कुठले सात? अहो, कुठल्या घड्याळातले?"

बटण सोडलं. रेडिओचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

तिनं रेडिओ हलवला, बॅटरी काढून छातीशी धरून ऊब दिली, पुन्हा घातली. दिवा लागला नाही. मग ती नणंदेच्या अंगाला अंग लावून आडवी झाली, तिचे गार हात आपल्या काखेत घेतले. कानाशी तोंड नेऊन म्हणू लागली, मशीन चालवताना म्हणायची तशी, न थांबता:

"दोन हाती दोन घड्याळं, माझ्या नणंदेचा थाट गं... वन्सं, पुढचं तुम्ही म्हणा. एक म्हणे उशीर झाला... म्हणा ना. दुजं काय म्हणतं?"

वारा पडला होता. खूप वेळानं ओठ हलले.

"...वाट," नणंद म्हणाली.

"हां. वाट. आता पहिल्यापासून."