एका दाबात

अण्णांची जुनी गाडी त्यांच्या थोरल्या मुलाशिवाय, म्हणजे दादाशिवाय, घरात कोणाचंच ऐकत नसे, आणि ही गोष्ट दादा कोणाला विसरू देत नसे. तिचे ब्रेक म्हणजे एक प्रकरणच होतं. पॅडल आधी दोनदा पंप करायचं, मग सगळा जीव पायात आणून दाबायचं, आणि गाडी डावीकडे ओढायला लागली की स्टिअरिंग उजवीकडे रेटायचं. ही विद्या एकट्या दादाकडे. त्यामुळे अण्णांना कुठेही जायचं असलं की हाक दादालाच.

आणि आता धाकट्या बारक्याने, स्वतःचं गॅरेज टाकून पुरतं वर्षही झालं नाही तोवर, या गाडीला डिस्क ब्रेक बसवायला घेतले. अण्णांनी हो म्हटलं, तेही हसत. तेव्हापासून दादाच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही थांबेना.

"जुन्या गाडीला असली थेरं शोभत नाहीत," तो म्हणाला.

"थांबणं शोभतं ना?" बारक्या गाडीखालून म्हणाला. "ये, ब्रेकच्या पाइपातली हवा काढायचीय. सांगेन तेव्हा पॅडल दाब, सांगेन तेव्हा सोड."

या कामाला दोघं लागतात, म्हणून दादा स्टिअरिंगमागे बसला. धाकट्याच्या हुकमावर पाय हलवताना त्याचा नुसता जळफळाट झाला.

काम संपताच त्याने किल्ली हिसकावली. अण्णा शेजारी, बारक्या मागे. पहिल्याच वळणावर दादाने सवयीने सगळा जीव पायात आणला. गाडी जागच्या जागी थिजली आणि अण्णांचा चष्मा समोरच्या काचेवर जाऊन आपटला.

"ब्रेक बिघडवलेत याने!"

"नाचता येईना..." बारक्या पुटपुटला. "दादा, एकदाच दाबायचं. आणि हळू."

अण्णांनी चष्मा शोधून पुसला. "तू जरा मागे बस रे. त्याला चालवू दे."

दादा मागे बसला. एकदा तरी याची फजिती होऊ दे, असं तो मनापासून घोकत होता. पण उताराच्या तळाशी सिग्नलला गाडी अलगद उभी राहिली. अण्णा खुशीत मागे वळले.

"बघितलंस? या गाडीत पाठ टेकून बसलो तो आज पहिल्यांदा. तुझ्या शेजारी म्हणजे कायम जीव मुठीत!"

"मग मलाच का बोलवायचात?"

"दुसऱ्या कोणाला जमत नव्हतं ना."

बारक्या हसला असता तर दादाला भांडता तरी आलं असतं. पण तो हसला नाही. त्याने गुपचूप गिअर टाकला आणि रस्त्याकडे बघत राहिला.