उलट्या पाकोळ्या

१९८३ साल. घानात पाऊस नाही, जंगलं जळलेली, नायजेरियातून हाकललेली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन परतलेली. केप कोस्टच्या बाजारात मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळाही रांग लावून मिळायचा. अशा वर्षी अराबा शिंपिणीने शिकाऊ पोरगी ठेवली.

ठेवली म्हणजे ठेवावी लागली. त्या पोरीचा, क्वान्सिमाचा, मामा जिनची बाटली घेऊन आला, पूर्वजांच्या नावाने थोडी जमिनीवर ओतली आणि म्हणाला, "आजपासून हिचे हात तुमचे." ओतलेली दारू मातीत मुरली की शब्द मागे घेता येत नाही. पोरगी जे बिघडवील ते मॅडमने, म्हणजे शिकवणाऱ्या शिंपिणीने, भरून द्यायचं, हेही त्यातच आलं.

अराबाच्या ताटातलं अर्धं पोरीला गेलं. सुया मोडल्या, दोरा संपला, तो मिळेना. ती दात-ओठ खात शिकवत राहिली. मग आलं बेन्त्सिवाबाईचं कापड.

बेन्त्सिवाबाई मासळीची बडी व्यापारीण. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. दुखवट्याचं काळं उतरवून रविवारी चर्चला जायला तिने सीमेपलीकडच्या लोमेहून निळं-पांढरं कापड आणवलं होतं, वर झेपावणाऱ्या पाकोळ्यांचं. अराबा पाणी भरायला गेली आणि क्वान्सिमाने, कापड वाचावं म्हणून, ते उलटं दुमडून पाठ-पोट एकदम कापलं. पोटावरच्या पाकोळ्या आभाळाकडे, पाठीवरच्या डोकं खाली.

"माझा नवरा काय नरकात पडलाय?" बेन्त्सिवाबाई कडाडली. "ह्या कार्टीला आत्ता हाकल. नाहीतर एक मासळीवाली तुझा उंबरा चढणार नाही."

"कापड भरून देते, ताई."

"कुठून देशील? तुझ्या चुलीतून?"

अराबाचं डोकं भडकलं होतं. पोरीवर, त्या मामावर, रिकाम्या दुकानांवर. तिने पेटी उघडून आईचं निळं-पांढरं कापड काढलं. मेल्यावर ते आपल्या अंगावर घालावं, असं तिने भावाला सांगून ठेवलं होतं.

बेन्त्सिवाबाईने ते चिमटीत धरून पाहिलं. "जुनं आहे, पण चालेल. काप."

अराबाने कात्री पोरीपुढे आपटली. "ही कापेल."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"सकाळपासून फिरलंय. म्हणून लांब उभी राहा."

"मॅडम, मी नको," क्वान्सिमा रडायला लागली.

"हात कुणाचे आहेत? माझे ना? मग चालव. आणि रडायचं तर तिकडे तोंड कर, कापडावर डाग पडतील."

पोरीने कापलं. सरळ कापलं.

बेन्त्सिवाबाई रविवारी तो पोशाख मिरवून आली आणि पोरीला हाकललं नाही म्हणून सोमवारपासून तिने सगळ्या मासळीवाल्या दुसऱ्या शिंपिणीकडे वळवल्या. पुढे ती आबिदजानला लेकाकडे गेली, तिथेच वारली. मामा पुन्हा फिरकला नाही. क्वान्सिमाचं शिकणं पुरं झालं, रिवाजाप्रमाणे मानेवर पांढरी पावडर उधळून मॅडमने तिला मोकळी केली. आता ती ताकोरादीला शाळांचे गणवेश शिवते, हाताखाली पोरीही आहेत. अराबाची नजर गेली, दुकान भावजयीने घेतलं. कुणी तिच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं की ती ओट्यावरून खेकसायची, "कसलं मन? माझ्या आईचं कापड गेलं त्यात."