खांबापाशी कुणीतरी हवं

फीनिक्समध्ये बस थांब्यावर थांबते असं ज्यांना वाटतं, ते स्वतःच्या गाडीतून फिरणारे लोक. बस माणूस दिसला तर थांबते, आणि तो खांबापाशी दिसावा लागतो. आमच्या थांब्याचं छप्पर दुपारी आपली सावली रस्त्यावर टाकतं, बाकडं तर तव्यासारखं तापतं. म्हणून सगळे मागे टायरवाल्याच्या भिंतीला चिकटून उभे राहतात आणि खांबापाशी एकच जण, उन्हात. पाळीपाळीनं. हे कुणी ठरवलेलं नाही, पण पाळी चुकवणाऱ्याशी आमच्याकडे कुणी धड बोलत नाही.

माझ्यावर पाळी कधी आलीच नाही. माझा नवरा यूसेबियो स्वतःची पाळी झाली की माझ्याही पाळीला उभा राहायचा.

"मी काय साखरेची आहे विरघळायला?" मी चिडायचे.

"साखरेची कुठली, मिरची आहेस तू. उन्हात वाळलीस तर आणखी झोंबशील. बस सावलीत, म्हातारे. मी बघतो."

लोक हसायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्याच्या छातीनं दगा दिला. मी रोज बसनं इस्पितळात जायचे, सकाळी, ऊन चढायच्या आत. त्या रविवारी मात्र दुपारी नर्स मारिसेलाचा फोन आला. "सेन्योरा, आत्ताच या. ते तुमची वाट बघताहेत."

मुलगी दूर टूसॉनला, शेजारणीची गाडी दारात नाही. बस यायचीच होती, म्हणून मी थांब्याकडे धावले.

रविवारचं तिथं चिटपाखरू नव्हतं. मी खांबापाशी उभी राहिले. बस उशीर करत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. इथंच पडले तर त्याच्यापर्यंत पोचणार कशी, म्हणून जरा भिंतीला टेकले. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरला खांब रिकामा दिसला आणि तो वेगही कमी न करता निघून गेला. मी ओरडत मागे धावले, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याचं तरी काय चुकलं? खांबापाशी कुणी नव्हतं.

पुढची बस तासाभरानं होती. तो सगळा वेळ मी तापलेला खांब धरून उभी राहिले. हात पोळला तरी सोडला नाही.

मारिसेला खोलीच्या दारातच भेटली. तिनं माझे खांदे धरले, तेव्हाच मला कळलं.

"नुकतेच गेले," ती म्हणाली. "फार तळमळत होते. सारखे उठायला बघायचे, टोपी मागायचे. मी म्हटलं, आजोबा, पडून राहा, कुठं जायचंय तुम्हाला? तर म्हणाले, सोड मला. ती सावलीत बसलीय. मी खांबापाशी गेलो नाही तर तिची बस निघून जाईल."

मी आत गेले. कुणीतरी त्याची गवती टोपी उशाशी ठेवली होती. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. माझा तळवा अजून जळत होता आणि कपाळ गार पडलं होतं.

"आले रे, म्हाताऱ्या," मी म्हटलं. "मागून आलेली बस मिळाली."